एका खुंटीपुरती जागा

दसऱ्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मावशींच्या नंबरवरून मला फोन आला. मी म्हटलं, “मिळाली का खुंटी?” पलीकडे पोलीस होता. सटाण्याच्या वाटेवर ओढ्याच्या एका मोरीजवळ एक बाई सापडली आहे, तिच्या फोनवरचा शेवटचा कॉल तुमचा आहे, असं त्याने सांगितलं. त्याने बाईचं नाव विचारलं. मी सांगितलं. बाई वारली आहे, असं तो म्हणाला. मग त्याने विचारलं, “तुम्ही तिच्या कोण?”

चौदा तासांत हा प्रश्न मला दुसऱ्यांदा विचारला जात होता. पहिल्यांदा विचारला तेव्हा मी जे उत्तर दिलं ते बरोबर होतं. त्या उत्तराविषयी मी आजवर फारसं कुणाशी बोललेले नाही. पण आधी मावशी कोण होत्या ते सांगायला हवं. त्या गेल्यावर त्यांच्याविषयी पुष्कळ बोललं गेलं, पण त्या बोलण्यात त्या स्वतः फारशा नव्हत्या.

पंचवटीतल्या ज्या मुलींच्या शाळेत मी ग्रंथपाल आहे, तिथे त्या शिपाई होत्या. शाळेत शिपाईबाईंना सगळेच मावशी म्हणतात, त्यामुळे बावन्न वर्षांच्या मावशींना एकोणपन्नास वर्षांची मीही मावशीच म्हणत असे. त्या मला मॅडम म्हणत. बुटक्या, रुंद बांध्याच्या, नऊवारी नाही पण पाचवारीच अशी घट्ट खोचलेली की पायांना अडचण होऊ नये. तुम्हीही अशा बायका पाहिल्या असतील. त्यांच्याकडे बघितलं की आधी पाय दिसतात.

त्यांना अंतर विचारण्याची सोय नव्हती. कुणी विचारलं, मावशी, शिक्षण विभागाचं ऑफिस किती लांब आहे हो, की त्या उलट विचारायच्या, “माझ्या पायानं सांगू का तुमच्या?” एकदा मुख्याध्यापिकांनी विचारलं तर म्हणाल्या, “माझ्या पायानं बारा मिनिटं. तुमच्या पायानं रिक्षा करा.” स्टाफरूममध्ये त्यावर आठवडाभर हसू चाललं. मुख्याध्यापिका हसल्या नाहीत, पण रिक्षानेच गेल्या.

तासांची घंटा वाजवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. घंटेखाली त्यांच्यासाठी स्टूल ठेवलेलं होतं. त्यावर त्या कधी बसल्याचं मला आठवत नाही. भिंतीला एक तळपाय टेकवून एका पायावर उभ्या राहायच्या, मग दुसऱ्या. “बसलं की गुडघ्याला वाटतं, आता आपल्याला सुट्टी,” असं त्यांचं म्हणणं. माहेर सायखेड्याचं, गोदावरीच्या काठचं. लहानपणी शाळा चालत, बाजार चालत, लग्नानंतर नाशिकला आल्या त्याही म्हणे निम्म्या वाटेवर बैलगाडीतून उतरून चालत.

दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास त्या आठ-दहा दिवस रजा घ्यायच्या. त्यांच्या गल्लीतल्या मंडळाची कावड निघायची. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. खांद्यावर बांबू, त्याच्या दोन टोकांना घट्ट झाकणाच्या दोन घागरी. तापीचं पाणी त्यात भरायचं आणि अनवाणी चालत सप्तशृंगीच्या गडावर न्यायचं. कोजागरीला देवीला त्या पाण्याचं स्नान. नियम एकच, पण कडक: वाटेत कावड जमिनीला टेकवायची नाही. “टेकली की मग ते नुसतं पाणी,” मावशी म्हणायच्या. जेवायला बसायचं, झोपायचं, आडोशाला जायचं, काहीही करायचं तर आधी कावड टांगायला जागा हवी. मंडळाबरोबर असलं की कावड अडकवायला लाकडाची घोडी असते आणि खांदा बदलायला माणसं असतात. अशा नऊ कावडी त्यांनी केल्या होत्या.

“मावशी, मागितलं काय होतं देवीकडे?” मी एकदा विचारलं.

“काय नाय.”

“मग?”

“आठ दिवस मला कोणी घंटा वाजवा म्हणत नाय,” त्या म्हणाल्या. “देवीला पाणी कोण बी घालील, मॅडम. माझं काम चालायचं.”

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की त्या माझ्याकडे पुस्तकांची धूळ झाडायला यायच्या. वाचायला त्यांना वेळ लागे, पण नकाशांचं पुस्तक त्यांना आवडायचं. एकदा म्हणाल्या, यात माझी वाट दाखवा. मी प्रकाशा दाखवलं, साक्री दाखवलं, सटाणा, कळवण. त्यांनी त्या रेषेवरून बोट फिरवलं आणि मधल्या गावांची नावं शोधली. ती नव्हती. “एवढं जाड पुस्तक,” त्या म्हणाल्या, “पण यात एक खुंटी नाय.”

आता त्या वर्षी काय झालं ते. खरं तर ते आदल्या वर्षीच सुरू झालं.

मंडळात पन्नासेक माणसं, त्यात अकरा बायका. एका मुक्कामावर पहाटे बायका विहिरीपाशी अंघोळ करत होत्या. त्यात एकोणीस वर्षांची एक मुलगी होती. मंडळाच्या अध्यक्षांचा मेहुणा शेडच्या मागून मोबाइलवर चित्रण करताना मावशींना दिसला. मावशींनी आरडाओरडा केला नाही. जवळ गेल्या, बघू दे रे म्हणाल्या, त्याच्या हातातून मोबाइल घेतला आणि विहिरीत टाकला.

“तो म्हणाला, मावशी, हे काय केलं! मी म्हटलं, बघते, पोहता येतं का त्याला.” हे सांगताना त्या लायब्ररीच्या टेबलाला धरून हसल्या होत्या. मीही हसले. गोष्ट तिथे संपली असं आम्हा दोघींना वाटलं.

पुढच्या श्रावणात मंडळाची बैठक झाली. अध्यक्षांचं रंगांचं दुकान आहे, गल्ली त्यांना भाऊ म्हणते. बैठकीत काय झालं ते मावशींनी मला दुसऱ्या दिवशी दोन्ही आवाजांत करून दाखवलं. भाऊंचा आवाज काढताना त्या पोट पुढे काढत.

“यंदापासून महिला भगिनींनी गाडीनं यायचं. मंडळानं सोय केली आहे. सुरक्षेचा प्रश्न आहे.”

“कुणाच्या सुरक्षेचा?”

“तुमच्याच, ताई.”

“मला नऊ वर्षांत रस्त्यावर कुणी काय केलं नाय, भाऊ. केलं ते आपल्यातल्यानंच केलं. त्याला गाडीत बसवा, आम्ही चालतो.”

“ताई, विषय वाढवू नका. लोक काय म्हणतात ते बघावं लागतं. उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?”

एवढं करून दाखवल्यावर मावशींचं पोट आत गेलं. “काढायचा होता एक,” त्या म्हणाल्या, “काढल्या अकरा.”

दहाजणींनी गाडी मान्य केली. विहिरीवरच्या त्या मुलीच्या आईने तर भाऊंचे आभार मानले. मावशींनी रजेचा अर्ज माझ्याकडून लिहून घेतला आणि सांगितलं, मी एकटी चालणार.

मग सगळ्यांनी त्यांची काळजी घेतली. मुख्याध्यापिकांनी मदतीचे फोन नंबर छापलेला कागद दिला. गणिताच्या बाईंनी तिखटाची पुडी दिली. क्रीडाशिक्षकांनी शिट्टी दिली. कुणी बॅटरी, कुणी मोठ्या सेफ्टी पिना. मावशी म्हणाल्या, “एवढं सामान न्यायचं तर कावडीला तिसरी घागर बांधावी लागंल.” स्टाफरूममधल्या एकीने चहा पिता पिता म्हटलं, “अहो, या वयात कोण बघतंय तुम्हाला!” सगळे हसले. मावशीही हसल्या आणि कप गोळा करून धुवायला घेऊन गेल्या. चला, मी येते तुमच्याबरोबर, असं कुणी म्हटलं नाही. माझा मणका दुखतो, हे सगळ्यांना माहीत होतं. मी ते पुन्हा एकदा सांगितलं.

त्यांचा मुलगा रिक्षा चालवतो. मंडळातली पोरं त्याचे मित्र. तो म्हणाला, “आई, गाडीनं जा. नायतर चालत गेलीस तर मला फोन करू नको.” मावशी बरं म्हणाल्या. शब्दाला फार किंमत देणाऱ्या माणसांना असं रागात काही बोलू नये. ती ते रागात ऐकत नाहीत.

निघण्याआधीच्या शनिवारी आम्ही थांब्यांचा कागद केला. त्यांनी आठवून सांगायचं, मी लिहायचं. “मारुतीचं देऊळ, उजव्या खांबाला खिळा हाय. मराठी शाळेचा व्हरांडा, खुंटी नाय, पण पुढं चिंच हाय, खाली लोंबती फांदी. चौथ्या मुक्कामाला दूधडेअरी, तिथली म्हातारी चांगली, पण कुत्रं चावरं.” पाचव्या थांब्याला त्या खुलल्या. मोठं देऊळ, पुढे पत्र्याचा सभामंडप, भिंतीला ओळीनं खुंट्या, नळाला पाणी, न्हाणीघराला कडी. “तिथं काय काळजीच नाय. नऊ वर्षं उतरतो आम्ही.” मी लिहिलं. तो कागद मी नंतर स्वच्छ अक्षरात उतरवून दिला आणि गावांच्या नावांतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त केल्या. माझी मदत ही अशी होती.

त्या एस.टी.ने प्रकाशाला गेल्या, तापीवर घागरी भरल्या आणि चालू लागल्या. रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास मला फोन करायचं ठरलं होतं. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन. बोलणं दोन शब्दांचं: “खुंटी मिळाली.” याचा अर्थ जागा मिळाली, सगळं ठीक, ठेवा. पहिल्या दिवशी फोन आला. दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशी त्या थोडं जास्त बोलल्या. “मॅडम, मोटारसायकलवाले लय बोलतात हो. एकानं विचारलं, घागरीत दारू हाय का? मी म्हटलं, हाय, तुझ्या आईनं पाठवली.” मी म्हटलं, मावशी, उलट बोलू नका. त्या म्हणाल्या, “तोंड मोकळं हाय तेवढंच, मॅडम. दोन्ही हात कावडीला.”

चौथ्या दिवशी फोन यायला सहा वाजले. दूधडेअरीची म्हातारी त्या वर्षी वारली होती. सुनेने आधी नाही म्हटलं, मग गोठ्यात खुंटी दिली. “म्हशी सोबतीला हायेत,” मावशी म्हणाल्या. “जबाबदारी कुणाची, ते विचारलं नाय त्यांनी.”

पाचव्या दिवशी पाचला पाच मिनिटं कमी असताना फोन आला. मी शाळेतच होते. सहामाही परीक्षा चालू होती आणि मी परत आलेली पुस्तकं लावत होते. फोनवर मावशींचं नाव, पण आवाज पुरुषाचा. देवळाचं बघणारा माणूस होता. आधी अहिराणीत बोलला, माझं ऐकून मराठीवर आला.

“मॅडम, एक बाई आली शे कावड घेऊन. एकटी शे. म्हणते, मॅडमशी बोला. ही बाई तुमनी कोन शे?”

“आम्ही एका शाळेत काम करतो,” मी म्हटलं.

“तसं नाही. नात्यात कोण?”

“नात्यात नाही.”

“घरचं माणूस कोणी?”

“मुलगा आहे. पण तो फोन घेणार नाही.”

“म्हणजे घरात भांडून आली का?”

इथे मी विचार केला. मला आठवतं, मी खरंच दोन क्षण विचार केला, कारण भांडून हा शब्द नेमका नव्हता. मी म्हटलं, “भांडून नाही. मुलाला पसंत नव्हतं, एवढं खरं.”

“हां,” तो म्हणाला. त्याने मान हलवली असणार, हे आवाजावरून कळलं. “मंडळाबरोबर असती तर प्रश्न नव्हता, मॅडम. एकटी बाई ठेवायला कमिटीची परवानगी नाही. उद्या काही झालं तर आमच्यावर येतं. तुम्ही जबाबदारी घेता का?”

“मी नाशिकला आहे,” मी म्हटलं. “मी इथून जबाबदारी कशी घेणार?”

मागून मावशींचा आवाज आला, “अहो, एका खुंटीचा प्रश्न हाय.” मग फोन त्यांच्या हातात गेला.

“राहू द्या, मॅडम. पुढं वस्ती हाय.”

“मावशी, अंधार पडेल. एस.टी. मिळेल ना तिथून?”

“एस.टी.तच बसायचं असतं तर मंडळाची गाडी काय वाईट होती?” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “तुम्ही खोटं बोलणार नाय, हे मला ठाव होतं. पण तुमचं बोलणं लोक ऐकतात, म्हणून म्हटलं, बघू.”

“पोचलात की फोन करा.”

“करते.”

मी फोन ठेवला आणि राहिलेली पुस्तकं लावली. सहाला फोन आला नाही, सातला आला नाही. मी दोनदा लावला, कुणी उचलला नाही. आदल्या दिवशीही उशीर झाला होता. मी जेवले.

त्यानंतर काय झालं ते कांद्याच्या शेतात निंदणाऱ्या एका बाईने पोलिसांना सांगितलं. तिचा जबाब मला नंतर वाचायला मिळाला. एक मोटारसायकल, त्यावर दोघे. ते मावशींच्या पुढे जात, वळून परत येत. असं तीनदा. तिसऱ्यांदा मागच्याने कावडीचं टोक धरलं. बाई गोल फिरली, पुन्हा फिरली. ते हसत होते. “ती कावड सोडीना,” असं त्या बाईने सांगितलं होतं. “सोडली असती तर पळाली असती.” मग मोटारसायकलचा धक्का लागला आणि बाई मोरीच्या कठड्यावर आपटली. शेतातून हिने आरोळी ठोकली तेव्हा ते पळाले. ती बांधापर्यंत आली. लांबून मावशींनी तिला हात हलवून दाखवला. तिला वाटलं, बाई बरी आहे. मजुरांची पिकअप निघत होती, ती चढून गेली.

बरगड्या मोडल्या होत्या आणि रक्त आत सांडत होतं. फोन मोरीच्या दुसऱ्या अंगाला पडला होता, तिथपर्यंत त्या गेल्या नाहीत. त्या उलट्या दिशेला गेल्या. तिकडे बाभूळ होती. सकाळी दूधवाल्याने पाहिलं तेव्हा कावड बाभळीच्या फांदीला टांगलेली होती आणि मावशी बुंध्याला टेकून बसल्या होत्या. हवालदार मला म्हणाला, “मॅडम, एक घागर चेपली होती, पण पाणी सांडलेलं नव्हतं. बाईनं टांगायच्या आधी फोन शोधला असता तर वाचली असती.” तो हे चांगल्या मनाने सांगत होता.

मी आणि त्यांचा मुलगा एका ओळखीच्याच्या गाडीतून गेलो. तो पुढे बसला होता. पोलीस ठाण्यात कागदांवर सह्या झाल्या. कावड त्यांनी मुद्देमाल म्हणून ठेवून घेतली. कपाटात आडवी बसत नव्हती, म्हणून त्यांनी दोन्ही घागरी सोडल्या, तोंडाला फडकं बांधून लाख लावली आणि जमिनीवर ठेवल्या. मुलाने तोंड उघडलं होतं, पण बोलला नाही. मीही बोलले नाही.

परत येताना ते देऊळ रस्त्यावरच लागलं. मी गाडी थांबवायला सांगितली. का सांगितली, ते मला नीट सांगता येणार नाही. सभामंडप होता, पत्रा होता, भिंतीला ओळीने खुंट्या होत्या. एकीला कुणाची तरी टोपी होती, बाकी रिकाम्या. देवळाचं बघणारा माणूस बाहेर आला. साठीचा, कपाळाला गंध, हातात झाडू. कोण आलंय ते कळल्यावर त्याने झाडू खाली ठेवला आणि हात जोडले.

“मॅडम, माझ्यावर राग धरू नका,” तो म्हणाला. “मागे एका बाईला ठेवलं होतं. तिच्या घरचे आले, आमच्या पोरांना मारलं. तेव्हापासून कमिटीनं नियम केला, एकटी बाई असली तर घरच्या माणसाचा होकार पाहिजे. मी काही कागद मागत नव्हतो. तुम्ही फोनवर नुसतं बहीण म्हणाला असता, तरी मी ठेवली असती.”

मागे वळून पाहिलं तर मुलगा गाडीतून उतरून माझ्या पाठीमागे उभा होता.

पिंपळगाव आलं, तेव्हा मुलाने खिडकीची काच खाली केली. मग समोर बघतच म्हणाला, “मला फोन केला असता तर मी हो म्हटलं असतं.”

मी म्हटलं, “हो.”

“तुम्ही मला सांगायचं ना. नंबर होता तुमच्याकडे.”

होता. मी त्याला लावायला हवा होता, हे मला त्याच्या तोंडून ऐकेपर्यंत सुचलेलं नव्हतं. मुलाने फोन करू नको असं आईला सांगितलं होतं, मला नाही. मी म्हटलं, “मला वाटलं, तुम्ही घेणार नाही.” तेही खोटं नव्हतं. आम्ही दोघे त्या दिवसानंतर रस्त्यात दिसलो तर ओळख दाखवतो, बोलत नाही. भाऊंना किंवा शाळेत त्याने त्या फोनबद्दल काही सांगितलं नाही. तो त्याचा चांगुलपणा, की त्यालाही स्वतःचा वाटा झाकायचा आहे, हे मला कळत नाही.

शोकसभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. मुलींना खाली बसवलं होतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, मावशी कष्टाळू होत्या, पण मुलींनो, धाडस आणि अविचार यांत फरक असतो. भाऊ बोलायला उभे राहिले. मंडळाने सांगितलं होतं, ताईंनी ऐकलं असतं तर आज ही वेळ आली नसती. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं. त्यांचा मेहुणा खुर्च्या मांडत होता. या वयात कोण बघतंय म्हणणाऱ्या बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “या वयात कशाला जायचं एकटीनं?” कुणीतरी मागून विचारलं, “कमाल आहे, रस्त्यात कुणी एका बाईला आसरा देऊ नये?” हॉलमध्ये सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

मोटारसायकलवरचे दोघे सापडले नाहीत. कागदावर अपघात आहे, अज्ञात वाहनाची धडक. ती धडक होती, वाहन होतं आणि ते अज्ञात होतं. त्यातलाही एकही शब्द चुकीचा नाही.

मावशींच्या जागी आता घंटेला बटण आहे. ऑफिसातून दाबलं की वाजतं.

पुढच्या वर्षी नवरात्रात भाऊ स्वतः माझ्याकडे आले. मंडळाने बायकांसाठी कायमची गाडी केली होती आणि तिला मावशींचं नाव द्यायचं ठरलं होतं. काचेवर फुलांच्या महिरपीत त्यांचा शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो, खाली त्यांचं नाव, त्याखाली ‘महिला भाविक सुरक्षित प्रवास सेवा’. भाऊ म्हणाले, “मॅडम, तुम्ही त्यांच्या जवळच्या. नारळ तुमच्या हातून फुटला पाहिजे.” मी नाही म्हणू शकले असते. जवळच्या म्हणजे कोण, असं विचारू शकले असते. मी चपला बाजूला काढल्या आणि पुढच्या चाकापाशी नारळ फोडला. एका फटक्यात फुटला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. विहिरीवरची ती मुलगी खिडकीशी बसली होती. तिच्या आईने तिला डोक्यावरून पदर घ्यायला लावला होता. तिने माझ्याकडे पाहिलं, मग ड्रायव्हरच्या दिशेला बघू लागली.

मुलाने त्या सकाळी रिक्षा काढली नव्हती. तो मंडळाच्या माणसांबरोबर कावड घेऊन चालत गेला.

आता दोन वर्षं झाली. यंदा बायका वाढल्या म्हणून मंडळाने दुसरी गाडी केली आहे. तिच्यावरही मावशींचाच फोटो आहे. पुरुष प्रकाशाहून गडापर्यंत चालतात. आमच्या भागातून चालत जाणारी बाई आता एकही नाही.